व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आणि स्नॅपशॉट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची उत्तरं मुख्यतः व्हीएमवेअर व्हीस्फिअर, म्हणजे एका मशीनवर (होस्टवर) अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी आहेत. हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत, कारण तिथे शब्द सारखे असले तरी आतलं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, बहुतेक अडचणींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: बॅकअप पूर्ण झाला, पण त्यासाठी घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारी सोय) नीट मिटला नाही.

रोज स्नॅपशॉट घेतो. मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण स्नॅपशॉटमध्ये तुमच्या डेटाची दुसरी प्रत नसते. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं आणि पुढचे बदल एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाऊ लागतात. ही डेल्टा फाइल मूळ डिस्कशिवाय निरुपयोगी असते, आणि दोन्ही बहुधा एकाच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या स्टोरेजच्या जागेवर) असतात. स्टोरेज गेलं तर दोन्ही जातात. रॅन्समवेअरवाल्याच्या हाती व्हीसेंटरचा, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरचा, पासवर्ड लागला तर तो आधी स्नॅपशॉटच उडवतो.

एक गोंधळ इथेच दूर करू. एडब्ल्यूएस या क्लाउडमधल्या ईबीएस व्हॉल्यूमच्या (तिथल्या डिस्कच्या) स्नॅपशॉटची प्रत खरोखरच वेगळ्या जागी, एस३ या स्टोरेज सेवेत जाते. क्लाउडवर काम केलेली माणसं तोच अर्थ मनात धरून व्हीस्फिअरकडे येतात आणि फसतात. नाव एक असलं तरी वस्तू वेगळी आहे.

बॅकअप चालू असताना स्नॅपशॉटचं नेमकं काय होतं?

समजा, व्हीएमचं नाव ‘लेखा०१’ आहे आणि तिला एकच डिस्क आहे. रात्री ११ वाजता बॅकअप सॉफ्टवेअर व्हीसेंटरला स्नॅपशॉट घ्यायला सांगतं. व्हीएम क्षणभर थांबते आणि तिच्या फोल्डरमध्ये शेवटी ‘०००००१’ असलेली नवी व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्कची) फाइल तयार होते. हे फक्त काही ओळींचं वर्णन असतं. खरा डेटा तिच्या शेजारच्या फाइलमध्ये जातो. डेटास्टोअरची फाइल सिस्टीम व्हीएमएफएस ६ असेल तर त्या फाइलच्या नावात ‘एसईस्पार्स’ दिसतं, व्हीएमएफएस ५ वर २ टीबीपर्यंतच्या डिस्कसाठी ‘डेल्टा’ दिसतं. सोबत स्नॅपशॉटच्या क्षणाची स्थिती ठेवणारी व्हीएमएसएन फाइल येते, आणि एकामागून एक स्नॅपशॉटच्या साखळीचा हिशेब ठेवणारी व्हीएमएसडी फाइल अद्ययावत होते.

आता मूळ डिस्क स्थिर आहे. बॅकअप प्रॉक्सी (बॅकअपसाठी डेटा वाचून नेणारा सर्व्हर) ती निवांत वाचतो. तेवढ्या वेळात वापरकर्ते जे काही लिहितात ते डेल्टामध्ये साठतं. वाचन संपलं की सॉफ्टवेअर स्नॅपशॉट काढायला सांगतं. तेव्हा डेल्टातला प्रत्येक बदललेला ब्लॉक मूळ डिस्कमध्ये परत लिहिला जातो आणि मगच डेल्टा फाइल पुसली जाते. या शेवटच्या टप्प्यावर स्टोरेजवर सर्वात जास्त ताण येतो, आणि बॅकअपच्या रिपोर्टमध्ये मात्र तो एका ओळीत उरकलेला असतो.

डेटास्टोअरवर किती जागा मोकळी ठेवायची?

डेल्टा जास्तीत जास्त मूळ डिस्कएवढी, वर थोड्या जादा नोंदींसह, वाढू शकते. रोजच्या बॅकअपसाठी इतकी जागा लागत नाही. हिशेब असा करा: बॅकअपच्या काळात दर तासाला किती नवे ब्लॉक लिहिले जातात, गुणिले बॅकअपचे तास, गुणिले त्या डेटास्टोअरवर एकाच वेळी चालणारे बॅकअप.

उदाहरणार्थ, ५०० जीबीची डेटाबेस व्हीएम दिवसा तासाला १२ जीबी लिहिते. रात्री दिवसअखेरची बॅच चालते तेव्हा तीच तासाला ४० जीबी लिहिते. बॅकअपला ३ तास लागतात. बॅच आणि बॅकअप एकाच वेळी लावले तर डेल्टा १२० जीबीपर्यंत जाईल. अशा तीन व्हीएम एकत्र चालल्या तर ३६० जीबी. एकच ब्लॉक पुन्हा पुन्हा लिहिला गेला तर डेल्टा तेवढी वाढत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल. तरी हिशेब वरच्या टोकाचाच धरा.

सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये ही चूक वारंवार दिसते. दिवसअखेरची बॅचही रात्री आणि बॅकअपही रात्री. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ३१ मार्चच्या आठवड्यात बॅच लांबते हे धरून त्या आठवड्यापुरती वेळ मुद्दाम बदला.

सर्वसाधारण नियम म्हणून डेटास्टोअरचा २० टक्के भाग मोकळा ठेवा आणि त्याखाली जाताच इशारा येईल असं बघा.

स्नॅपशॉट जास्तीत जास्त किती काळ ठेवावा?

व्हीएमवेअरची शिफारस ७२ तासांची आहे. एका साखळीत ३२ स्नॅपशॉट चालतात, पण वेगासाठी दोन किंवा तीनच्या वर जाऊ नये. बॅकअपने घेतलेला स्नॅपशॉट मात्र बॅकअप संपताच जायला हवा, त्याला ७२ तासांची सवलत लागू नाही. सकाळी कामाला आल्यावर बॅकअपच्या नावाचा स्नॅपशॉट दिसला तर काहीतरी अडलं आहे असं समजा.

स्नॅपशॉट घेताना ‘क्वाएस’ चालू ठेवायचं का?

विंडोज सर्व्हर आणि डेटाबेस असेल तर हो. क्वाएस म्हणजे स्नॅपशॉटआधी व्हीएममधलं लिहिणं शांत करणं. ते केलं की व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसवलेलं सहायक सॉफ्टवेअर) विंडोजच्या व्हीएसएस यंत्रणेला सांगतात, ती एसक्यूएल सर्व्हर किंवा एक्स्चेंजच्या रायटरला (व्हीएसएसचे निरोप पाळणाऱ्या भागाला) थांबायला लावते, अर्धवट व्यवहार नीट लिहिले जातात आणि मग स्नॅपशॉट पडतो. क्वाएस न केल्यास तुम्हाला मिळते ती वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी असते तशी प्रत. डेटाबेस त्यातूनही बहुधा सावरतो, पण ‘बहुधा’वर कोणी हिशेब ठेवत नाही.

अडचण वेळेची येते. व्हीएसएस डिस्कवरचं लिहिणं फक्त १० सेकंद रोखून धरू शकतं. तेवढ्यात स्नॅपशॉट झाला नाही तर तो फसतो. स्टोरेज मंद असेल, किंवा एका सर्व्हरवर खूप डेटाबेस असतील, तर हे रोज घडतं. अशा वेळी त्या व्हीएममध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करून चालवा. प्रत्येक रायटरपुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवं. एखाद्यापुढे ‘फेल्ड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ दिसलं तर त्या रायटरची सेवा रीस्टार्ट करा. एसक्यूएलच्या बाबतीत ‘एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर’ ही वेगळी सेवा आहे. ती रीस्टार्ट करताना डेटाबेस बंद करावा लागत नाही.

एसक्यूएलच्या आत वेगळा डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदलच घेणारा) बॅकअप चालत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. व्हीएसएसमार्फत झालेला बॅकअप एसक्यूएलच्या नोंदीत पूर्ण बॅकअप म्हणून चढू शकतो, आणि मग तुमचा डिफरन्शियल भलत्याच पायावर उभा राहतो. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी ओन्ली’चा पर्याय निवडला की हे टळतं.

लिनक्समध्ये व्हीएसएस नाही. तिथे व्हीएमवेअर टूल्स फाइल सिस्टीम गोठवतात आणि त्याआधी ‘प्री-फ्रीज-स्क्रिप्ट’, नंतर ‘पोस्ट-थॉ-स्क्रिप्ट’ चालवतात. मायएसक्यूएलसाठी लिहिलेल्या प्री-फ्रीज स्क्रिप्टमध्ये एक ठरलेली चूक आढळते: स्क्रिप्ट टेबलांना वाचनाचं कुलूप लावते आणि संपते. ज्या सेशनने कुलूप लावलं तेच बंद झाल्यामुळे कुलूपही उघडतं, आणि स्नॅपशॉट उघड्या टेबलांवर पडतो. ते सेशन पोस्ट-थॉ होईपर्यंत पार्श्वभूमीला जिवंत ठेवावं लागतं. पोस्टग्रेससाठी एवढं करायची गरज नाही. डेटा आणि वॉल (बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या) फाइली एकाच व्हीएमवर, एकाच क्षणी पकडल्या गेल्या असतील तर सुरू होताना तो स्वतःच वॉल वाचून जाग्यावर येतो.

टॅलीसारखी सॉफ्टवेअर आपला डेटा साध्या फाइलींत ठेवतात. ज्या सॉफ्टवेअरचा व्हीएसएस रायटरच नाही त्याला क्वाएसचा निरोप पोचत नाही. तिथे सगळे वापरकर्ते बाहेर पडल्यानंतरची वेळ धरा, आणि त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअपही वेगळा घ्या.

मेमरीसह स्नॅपशॉट घ्यावा का?

बॅकअपसाठी नाही. ६४ जीबी रॅम असेल तर तेवढं सगळं डिस्कवर लिहिलं जातं, व्हीएम जास्त वेळ रखडते आणि बॅकअपला त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय मेमरी निवडली की क्वाएस लागू होत नाही.

‘डिलीट’, ‘डिलीट ऑल’ आणि ‘रिव्हर्ट’ यांत फरक काय?

‘डिलीट’ या शब्दाला लोक उगाच घाबरतात आणि ‘रिव्हर्ट’ बिनधास्त दाबतात. वास्तविक भीती उलट हवी.

‘डिलीट’ म्हणजे तो एक स्नॅपशॉट विसर्जित करून त्याचे बदल आपल्या आधीच्या डिस्कमध्ये मिसळणं. तुमचा आजचा डेटा आहे तसाच राहतो. ‘डिलीट ऑल’ म्हणजे सगळी साखळी मूळ डिस्कमध्ये मिसळून टाकणं. इथेही आजचा डेटा राहतो. ‘रिव्हर्ट’ म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणाकडे परत जाणं. त्यानंतर लिहिलेलं सगळं जातं, आणि ते परत आणायला व्हीस्फिअरमध्ये बटण नाही.

डेल्टा मोठी असेल तर डिलीटला तास लागतात. ३०० जीबीची डेल्टा सेकंदाला ५० एमबी वेगाने मिसळली तर सुमारे पावणेदोन तास जातील. टास्क ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसेल, व्हीस्फिअर क्लायंट ‘टाइम आउट’ही सांगेल, पण होस्टवर काम चालूच असतं. डेटास्टोअर ब्राउझरमध्ये फाइलींची बदलल्याची वेळ पुढे सरकते आहे का बघा. सरकत असेल तर हात लावू नका. या काळात होस्ट रीस्टार्ट करणं किंवा व्हीएम बळाने बंद करणं ही पुढच्या मोठ्या दुरुस्तीची सुरुवात ठरते.

बॅकअप संपताना व्हीएम काही सेकंद गोठते, पिंग तुटतो. असं का?

स्नॅपशॉट घेताना एकदा आणि काढताना शेवटी एकदा व्हीएम थांबवावी लागते. याला स्टन म्हणतात. व्हीस्फिअर ६.० पासून मिसळण्याच्या वेळी नवं लिहिणं दोन्ही फाइलींवर एकदम जातं, त्यामुळे शेवटचा थांबा पूर्वीपेक्षा खूप छोटा झाला. सुदृढ स्टोरेजवर तो जाणवतही नाही.

किती वेळ थांबली ते अंदाजाने ठरवू नका. व्हीएमच्या फोल्डरमधली ‘व्हीएमवेअर डॉट लॉग’ फाइल उघडा आणि ‘अनस्टन’ शब्द शोधा. ‘व्हीएम स्टॉप्ड फॉर’ नंतर येणारा आकडा मायक्रोसेकंदांत असतो. तिथे ३२०००० असेल तर तो एका सेकंदाचा तिसरा हिस्सा, ठीक आहे. तिथे ३२०००००० असेल तर व्हीएम ३२ सेकंद बंद होती.

तीस सेकंदांच्या आसपासचा आकडा वारंवार दिसला तर आधी डेटास्टोअर एनएफएस ३ चा (नेटवर्कवरून जोडलेला) आहे का आणि बॅकअप प्रॉक्सी हॉट-अ‍ॅड (व्हीएमची डिस्क तात्पुरती प्रॉक्सीला जोडण्याच्या) पद्धतीने दुसऱ्या होस्टवर चालतो का, हे पाहा. ही प्रसिद्ध जोडी आहे. एनएफएसच्या कुलपाची मालकी एका होस्टकडून दुसऱ्याकडे जाताना व्हीएम तेवढा वेळ अडकते. उपाय दोन: प्रत्येक होस्टवर एक प्रॉक्सी ठेवून त्याच होस्टच्या व्हीएम त्याला द्या, किंवा हॉट-अ‍ॅड सोडून नेटवर्कवरून, म्हणजे एनबीडीने वाचा. एनबीडी जरा सावकाश चालेल, पण हा थांबा नाहीसा होईल.

क्लस्टरमधल्या व्हीएमना छोटा थांबाही महाग पडतो. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ च्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये एकाच सबनेटवर सेकंदाला एक याप्रमाणे ५ हार्टबीट (जिवंत असल्याचे संदेश) चुकले की नोड मेला असं धरलं जातं. २०१६ मध्ये ही मर्यादा १० वर नेली. एसक्यूएल सर्व्हरचा ऑलवेज-ऑन ग्रुप रोज रात्री बॅकअपच्या वेळीच पलटत असेल तर कारण इथे आहे. मर्यादा वाढवा, आणि शक्य तर बॅकअप दुय्यम नोडचा घ्या.

‘डिस्क कन्सॉलिडेशन नीडेड’ असा इशारा येतोय. काय करू?

याचा अर्थ असा: स्नॅपशॉटची नोंद काढली गेली, पण डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळता आली नाही. बहुतेक वेळा कोणीतरी त्या फाइलवर कुलूप धरून बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो बॅकअप प्रॉक्सी असतो. पुढचा क्रम पाळा.

आधी त्या व्हीएमचे सगळे बॅकअप आणि रेप्लिकेशन जॉब थांबवा. आज रात्रीचा जॉब चालला तर साखळीत आणखी एक कडी वाढेल.

मग बॅकअप प्रॉक्सी व्हीएमच्या ‘एडिट सेटिंग्ज’मध्ये जा. प्रॉक्सीच्या स्वतःच्या डिस्क किती आहेत हे तुम्हाला माहीत असायला हवं. त्यापेक्षा जास्त दिसली आणि तिचा मार्ग दुसऱ्या व्हीएमच्या फोल्डरकडे जात असेल तर ती हॉट-अ‍ॅडमध्ये अडकून राहिलेली डिस्क आहे. ती काढा. काढताना ‘डिलीट फाइल्स फ्रॉम डेटास्टोअर’ या खुणेला हात लावू नका. ती खूण केली तर तुम्ही प्रॉक्सीची नव्हे, लेखा विभागाची डिस्क पुसाल. दोन माणसांनी स्क्रीन पाहिल्याशिवाय ‘ओके’ दाबू नये अशी ही जागा आहे.

यानंतर व्हीएमवर उजवं क्लिक करून ‘स्नॅपशॉट्स’, मग ‘कन्सॉलिडेट’. बहुतेक प्रकरणं इथे संपतात.

तरी कुलपाची तक्रार आली तर ईएसएक्सआय (व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) होस्टच्या शेलमध्ये ‘व्हीएमएफएसफाइललॉकइन्फो’ ही आज्ञा त्या व्हीएमडीकेच्या मार्गासह चालवा. कुलूप धरणाऱ्या होस्टचा मॅक पत्ता मिळतो. तो होस्ट ओळखा, त्यावर कुठला प्रॉक्सी किंवा कुठलं अडकलेलं टास्क आहे ते बघा. काहीच चालू नसेल तर त्या होस्टचे मॅनेजमेंट एजंट रीस्टार्ट करून पाहता येतात. त्याने व्हीएम बंद पडत नाहीत.

कुलूप नाही आणि तरी साखळी मिटत नाही, असं असेल तर मेमरी आणि क्वाएस दोन्ही बंद ठेवून एक नवा स्नॅपशॉट घ्या आणि लगेच ‘डिलीट ऑल’ करा. त्यासोबत जुनी अडकलेली कडीही बऱ्याचदा मिसळली जाते.

शेवटचा उपाय म्हणजे व्हीएमचा दुसऱ्या डेटास्टोअरवर क्लोन काढणं. क्लोन काढताना संपूर्ण साखळी वाचली जाते आणि पलीकडे एकच सलग डिस्क तयार होते. वेळ आणि जागा लागते, पण मूळ फाइलींना धक्का लागत नाही, म्हणून साखळी खूप लांब असेल तर आम्ही तोच मार्ग आधी सुचवू.

स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा आहे, पण डिस्कच्या नावात ‘००००१४’ दिसतं. हे काय?

व्हीएम चौदाव्या डेल्टावर चालते आहे आणि नोंदवहीला त्याचा पत्ता नाही. रोजच्या बॅकअपने रोज एक कडी मागे ठेवली की दोन आठवड्यांत असं चित्र होतं. वरच्या प्रश्नातला क्रम इथेही लागू आहे, फक्त त्याआधी जागा तपासा आणि व्हीएमच्या आतून महत्त्वाच्या डेटाची एक प्रत बाहेर काढून ठेवा.

डेटास्टोअर ब्राउझरमधून ‘जुन्या’ दिसणाऱ्या डेल्टा फाइली पुसू नका. साखळीतली कुठलीही कडी गेली की पुढच्या सगळ्या कड्या वाया जातात. तसंच, स्नॅपशॉट असलेल्या व्हीएमची मूळ डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडून चालू करू नका. त्यावर एक अक्षर लिहिलं गेलं तरी तिची ओळखसंख्या, म्हणजे सीआयडी, बदलते आणि मूळ व्हीएम ‘पेरेंट डिस्क बदलली आहे’ म्हणत सुरू व्हायला नकार देते. वर्णनाच्या फाइलमध्ये सीआयडी हाताने जुळवता येतो, पण मधल्या काळात मूळ डिस्कवर खरंच लिहिलं गेलं असेल तर आतली फाइल सिस्टीम बिघडलेलीच राहते.

डेटास्टोअर भरला आणि व्हीएम थांबली. आता?

स्क्रीनवर ‘रीट्राय’ आणि ‘कॅन्सल’ असा प्रश्न आलेला असतो. ‘कॅन्सल’ दाबलं तर व्हीएम बंद पडते. प्रश्न तसाच राहू द्या आणि आधी जागा करा.

सर्वात पटकन जागा मिळते ती त्याच डेटास्टोअरवरची एखादी बिनमहत्त्वाची व्हीएम बंद करून. तिची स्वॅप फाइल जाते, आणि ती साधारण रॅमएवढी असते, त्यातून राखीव रॅम वजा करून. १६ जीबी रॅमची चाचणी व्हीएम बंद केली तर १६ जीबी लगेच मोकळे. त्यानंतर विसरलेल्या आयएसओ फाइली पाहा. स्टोरेज व्हीमोशनने एखादी छोटी, स्नॅपशॉट नसलेली व्हीएम दुसरीकडे हलवा. लनची (डेटास्टोअरखालच्या स्टोरेजच्या तुकड्याची) साइज वाढवता येत असेल तर तेच उत्तम.

पुरेशी जागा झाली की ‘रीट्राय’. मग त्या डेटास्टोअरवरचे स्नॅपशॉट काढायला घ्या, सर्वात छोट्यापासून सुरू करा, एका वेळी एक. मूळ डिस्क थिन (लागेल तशी जागा घेणारी) असेल तर मिसळताना ती वाढते, हे विसरू नका. भरलेल्या डेटास्टोअरवर सर्वात मोठी डेल्टा आधी मिसळायला घेणं म्हणजे पुन्हा त्याच प्रश्नावर येऊन थांबणं.

स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही.

बरोबर, येत नाही. आधी साखळी मिटवा, मग वाढवा.

काही डिस्क बॅकअपमध्ये येतच नाहीत. का?

‘इंडिपेंडंट’ म्हणून जोडलेल्या डिस्क, फिजिकल मोडमधले आरडीएम (व्हीएमला थेट दिलेले लन) आणि व्हीएमच्या आतून आयस्कझीने (नेटवर्कवरून) जोडलेले लन यांवर व्हीस्फिअरचा स्नॅपशॉट पडत नाही. बस शेअरिंग (एकच डिस्क अनेक व्हीएमनी वापरण्याची सोय) चालू असलेल्या व्हीएमचा स्नॅपशॉटच होत नाही. यांच्यासाठी व्हीएमच्या आत बॅकअप एजंट बसवावा लागतो. कधीकाळी कोणी वेगासाठी डिस्क ‘इंडिपेंडंट’ केलेली असते आणि ती बॅकअपमध्ये नाही हे रीस्टोअरच्या दिवशी कळतं. आजच यादी काढा.

सीबीटी म्हणजे काय, आणि ते कधी चुकतं?

बदललेल्या ब्लॉकची खूण ठेवणारी सोय म्हणजे सीबीटी. प्रत्येक डिस्कशेजारी ‘सीटीके’ नावाची छोटी फाइल तयार होते आणि पुढच्या बॅकअपला फक्त बदललेले ब्लॉक वाचावे लागतात. बॅकअप छोटा, म्हणजे स्नॅपशॉटचं आयुष्य छोटं, म्हणजे डेल्टा छोटी. म्हणून सीबीटी नीट चालणं हा स्नॅपशॉटच्या व्यवस्थापनाचाच भाग आहे.

सीबीटी पहिल्यांदा चालू करताना व्हीएमवर एकही स्नॅपशॉट नको. कोणीतरी महिन्यापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट पडून असेल तर सीबीटी लागत नाही आणि रोज पूर्ण डिस्क वाचली जाते. होस्टची वीज अचानक गेली, किंवा व्हीएम रिव्हर्ट केली, तर त्यानंतरचा एक बॅकअप पूर्ण वाचनाचा होऊ द्या. ईएसएक्सआयच्या ४ आणि ५ मालिकेत डिस्क १२८ जीबीची सीमा ओलांडून वाढवल्यावर सीबीटी चुकीची यादी देत असे. तेव्हा बॅकअप हिरवा दिसायचा आणि रीस्टोअर खराब निघायचं. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली, पण डिस्क वाढवल्यावर एक पूर्ण बॅकअप घ्यायची सवय त्यानंतरही मोडू नये.

डोमेन कंट्रोलरचा (विंडोज नेटवर्कवरची खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) स्नॅपशॉट चालतो का?

बॅकअपसाठी घेऊन लगेच काढला तर चालतो. त्यावर रिव्हर्ट करू नका. जुन्या विंडोजवर याने यूएसएन रोलबॅक होतो, म्हणजे इतर कंट्रोलर त्याचे नवे बदल स्वीकारत नाहीत आणि डिरेक्टरी मुकाट्याने दुभंगते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडीमुळे संरक्षण मिळालं. तरी परत जाण्याचा नेहमीचा मार्ग म्हणून रिव्हर्ट वापरू नये. दुसरा कंट्रोलर जिवंत असेल तर बिघडलेला काढून नवा उभारणं स्वच्छ पडतं.

हायपर-व्हीमध्ये हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच. स्नॅपशॉटला तिथे चेकपॉइंट म्हणतात आणि डेल्टा ‘एव्हीएचडीएक्स’ फाइलमध्ये जाते. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये मिसळण्यासाठी व्हीएम बंद करावी लागे, २०१२ पासून ते चालू व्हीएमवर होतं. २०१६ पासून प्रॉडक्शन चेकपॉइंट हा मूळ पर्याय आहे, तो व्हीएसएस वापरतो. बदललेल्या ब्लॉकची खूण ठेवणारं आरसीटीही २०१६ मध्येच आलं. होस्ट नवा केला पण व्हीएमची कॉन्फिगरेशन आवृत्ती जुनीच ठेवली तर आरसीटी मिळत नाही.

बॅकअप फसल्यावर मागे राहणारा ‘रिकव्हरी’ चेकपॉइंट हायपर-व्ही मॅनेजरमध्ये दिसतो, पण उजव्या क्लिकवर डिलीटचा पर्याय नसतो. तो पॉवरशेलमधून ‘गेट-व्हीएमस्नॅपशॉट’ने शोधून ‘रिमूव्ह-व्हीएमस्नॅपशॉट’ने काढावा लागतो. एव्हीएचडीएक्स फाइल हाताने पुसायची नाही, हे इथेही तितकंच खरं.

आणि प्रॉक्समॉक्समध्ये?

प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमधला ‘स्नॅपशॉट’ मोड डेल्टा फाइल बनवत नाही. व्हीएम चालवणारा क्यूईएमयू स्वतःच ब्लॉक वाचत जातो. अजून न वाचलेल्या ब्लॉकवर व्हीएमला लिहायचं असेल तर आधी जुना ब्लॉक बॅकअपच्या जागी पाठवला जातो आणि मग लिहू दिलं जातं. त्यामुळे मिसळण्याची भानगड नाही, पण बॅकअप सर्व्हर किंवा त्याचं नेटवर्क मंद असेल तर चालू व्हीएमच मंद होते. आवृत्ती ८.२ पासून ‘फ्लीसिंग’ची सोय आहे: जुना ब्लॉक आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवला जातो. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या इमारतीत किंवा हार्ड डिस्कवर असेल तर ती चालू कराच.

बदलांची खूण इथे चालू प्रक्रियेच्या मेमरीत असते. व्हीएम बंद करून चालू केली की ती जाते आणि पुढच्या बॅकअपला पूर्ण डिस्क वाचली जाते. बॅकअप सर्व्हरवर मात्र बदललेलेच तुकडे जातात. आतून रीबूट केल्याने ती जात नाही.

रोज सकाळी काय तपासावं?

फक्त बॅकअपचा हिरवा रंग पाहून थांबू नका. पॉवरसीएलआयमध्ये (व्हीएमवेअरसाठीच्या पॉवरशेल आज्ञांमध्ये) ‘गेट-व्हीएम’चा निकाल ‘गेट-स्नॅपशॉट’ला देऊन व्हीएमचं नाव, स्नॅपशॉटचं नाव, तयार झाल्याची वेळ आणि जीबीतला आकार असे चार रकाने काढा, आणि ती यादी रोज सकाळी ९ ला मेलने येईल असं लावा. या यादीत नोंद नसलेल्या डेल्टा येत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा आरव्हीटूल्स हे व्हीस्फिअरची यादी काढणारं साधन चालवून त्याच्या ‘व्हीहेल्थ’ पानावर अनाथ फाइली पाहा. व्हीसेंटरमध्ये स्नॅपशॉटच्या आकारावर अलार्म लावता येतो. सुरुवातीला ५० जीबी ठेवा आणि महिन्याभरात आपल्या गरजेप्रमाणे बदला.

अपडेटच्या आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट आणि रात्रीचा बॅकअप एकत्र चालतात का?

चालतात. बॅकअप त्या क्षणीचा डेटा वाचतो, त्याचा स्वतःचा स्नॅपशॉट तुमच्या स्नॅपशॉटवर दुसरी कडी म्हणून बसतो आणि संपल्यावर तुमच्या डेल्टामध्ये मिसळतो. तुमचा स्नॅपशॉट तसाच राहतो आणि डेल्टा रोज वाढत जाते. त्या बॅकअपमधून रीस्टोअर केलेल्या व्हीएममध्ये स्नॅपशॉट नसतील, डिस्क सलग असेल.

हाताने स्नॅपशॉट घेताना नावातच घेणाऱ्याची आद्याक्षरं, कारण आणि काढायची तारीख लिहा, उदाहरणार्थ ‘सुपा-एसक्यूएल पॅच-१४ जूनला काढणे’. नुसतं ‘टेस्ट’ नाव असलेला स्नॅपशॉट दोन वर्षांनी कोणीही काढायला धजत नाही.